मागे उभं राहण्याचा नियम

गोडांब्यांनी रडारसमोरची खुर्ची सोडली, पण ते गेले नाहीत. ड्यूटी बदलली की आधीच्याने काही मिनिटं मागे उभं राहून लक्ष ठेवायचं, असा नियमच होता. शाल्मलीने मुद्दाम खुर्ची मागे सरकवली. चाक त्यांच्या बुटावर चढलं, तरी तिने सॉरी म्हटलं नाही.

शाळेत असल्यापासून तिला हीच नोकरी हवी होती, आणि ती हिला झेपायची नाही असं सांगून याच माणसाने साहेबांचे कान भरले होते. तेव्हापासून दोघं विमानांपुरतंच बोलत.

"सात हजार फुटांवर या," तिने एका विमानाला सांगितलं. पायलटने सूचना परत म्हणून दाखवली. ती नीट ऐकणं हेच तर तिचं काम. पण तिचे कान मागच्या श्वासाकडे लागले होते. माझ्या चुकीचीच वाट बघतोय थेरडा!

इतक्यात तिच्या खांद्यावरून एक बोट पुढे येऊन पडद्यावर आपटलं.

"सहा म्हणाला तो!"

सहा हजारांवर समोरून दुसरं विमान येत होतं. तिने तत्काळ पहिल्याला सातवरच थांबवलं. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांना चिकटले आणि सुखरूप सुटले.

गोडांब्यांनी जेवणाचा डबा उचलला. "झेपतंय ना, मॅडम?"

इतके दिवस तिला त्यांचा नुसता राग होता. आता त्यांचे उपकारही झाले होते, आणि ते ती जन्मात माफ करणार नव्हती.