मुतलकच्या घरचा चहा

पाचव्या खेपेलाही मुतलकनं शेख दह्हामपुढे चहाच ठेवला.

"कॉफी संपलीय, शेख. लढाईनं रस्ते बंद."

"रस्ता परवाच खुला झाला. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये उभं राहून मीच करून दिला," शेख म्हणाला आणि निमूटपणे चहा प्यायला.

बैठकीतले पुरुष गालात हसले. फुरात, म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठी हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला न पिता समोर ठेवतो. "घ्या, आलात ते मिळालं" असं यजमान म्हणेपर्यंत तो त्याला शिवत नाही. पेला तसाच राहिला तर घराची अब्रू जाते. चहाला असला कायदा नाही. चहा पिऊन माणूस उठून जातो.

शेखाचं मागणंही सगळ्यांना ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी मुतलकचा थोरला मुलगा सत्ताम मारला गेला होता. मारणारा जदआन नदीपलीकडच्या टोळीचा. युद्धात ती टोळी दुसऱ्या बाजूला गेलेली. आता शुक्रवारी सत्तामचा भाऊ फव्वाज बंदूक घेऊन नदी ओलांडणार होता. शेखाला तो थांबायला हवा होता.

"तुम्ही चौकात मोर्चे काढलेत, हातात साधी काठीही न घेता," मुतलक म्हणाला. "मिळालं काय? दोन महिने कोठडी."

"आणि गुडघेदुखी. ती अजून आहे."

पुन्हा हशा पिकला आणि मधेच थांबला. आतून कॉफी भाजल्याचा वास येत होता. पाठोपाठ वेलचीचा. मुतलकचा चेहरा उतरला.

पडदा सारून त्याची बायको उम्म सत्ताम, म्हणजे सत्तामची आई, बाहेर आली. हातात एकच पेला. पुरुषांच्या बैठकीत ती याआधी कधी आली नव्हती.

"आई, आत जा," फव्वाज हळूच म्हणाला.

ती शेखापर्यंत आली, पण पेला तिनं त्याला दिला नाही. उभीच राहिली. शेखानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि दाराशी, चपलांजवळ जाऊन बसला.

"पाहुण्याची जागा यांची," तो म्हणाला.

ती गादीवर बसली. पेला नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

वाफ विरली. मुतलकनं एकेका माणसाकडे पाहिलं. प्रत्येकानं मान खाली घातली.

"अगं, घरची बाई कधी पाहुणी असते का?" तो म्हणाला.

"एकतीस वर्षांत काही मागितलं नाही, अबू सत्ताम. आज मागायला आलेय."

मुतलकनं दाढीवरून हात फिरवला. आपल्या मुलासाठी कोणती आई रडत नाही? लोक समजून घेतील. त्यानं मोठा श्वास सोडला.

"पी. आलीस ते मिळालं. तुझा दुसरा मुलगा तुला दिला. फव्वाज कुठं जाणार नाही."

तिनं गार झालेली कॉफी एका घोटात संपवली.

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" तिनं विचारलं.

"ऐकलं," दाराशी बसलेला शेख म्हणाला.

"फव्वाज माझा तिसरा," ती म्हणाली. "तुम्ही कुवेतला होता तेव्हा पलीकडची एक बाई बाळंतपणात गेली. तिचं पोर मी वर्षभर सत्तामच्या बरोबरीनं अंगावर पाजलं. दूध पाजलेलं पोर पोटचंच. जदआन माझा दुसरा."