पाण्यात सोडा

"पाण्यात सोडा घालायचा. सोड्यात पाणी कधीच नाही," साबणवाल्या बाई म्हणाल्या. "उलट केलंत की उसळून तोंडावर येतं."

शिकायला आलेल्या दोघींपैकी एक मागे सरकली. दुसरी, पार्लरवाली, मात्र आणखी पुढे वाकली. "बघू बघू. दिसतं तर साखरेसारखं."

"म्हणूनच जपायचं."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. भरदुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला होता. बाईंनी खिडकी उघडली, हातमोजे चढवले, डोळ्यांवर मोठा चष्मा लावला आणि स्टीलच्या पातेल्यातल्या पाण्यात कॉस्टिक सोडा चमच्याचमच्यानं घालायला सुरुवात केली. वाफ उठली. घसा खवखवला.

मागे सरकलेलीचं साबणाकडे फारसं लक्ष नव्हतं. चार वर्षांची मुलगी ज्या घरात वावरते, तिथं असलं जहाल काही ठेवणं बरोबर आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. त्यासाठीच तर ती शिकायला आली होती.

"हा डबा एरवी कुठे असतो?"

"वर, त्या कपाटात. कुलूप असतं."

"आणि किल्ली?"

बाईंनी गळ्यातली दोरी ओढून दाखवली.

पार्लरवाली हसली. "अगं, तू साबण शिकायला आलीस की पंचनामा करायला?"

"लहान मुलगी आहे ना," ती ओशाळून म्हणाली. "धास्ती वाटते." मग तिनं मोबाईल काढला. "डब्याचा फोटो काढू का?"

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "काढा की. कुलूपही येऊ दे फोटोत."

तोवर खोबरेल, तिळाचं आणि थोडं एरंडेल एकत्र कोमट करून झालं होतं. पातेल्यातलं पाणी निवायची वाट बघावी लागली.

"दोन्ही सारखं कोमट झाल्याशिवाय मिसळायचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि तेल मी हिशोबापेक्षा जरा जास्तच ठेवते. सोड्याचा एक कणही मोकळा राहता कामा नये. राहिला तर कातडी सोलतो."

"आमच्या ह्यांना दोन दिवस यात भिजत घातलं तर उजळतील का हो?" पार्लरवालीनं विचारलं.

"उजळतील. उरतील का, ते सांगता येत नाही."

पार्लरवाली खो खो हसली. ती मात्र हसली नाही. "अंगावर उडालं तर?"

"वाहत्या पाण्याखाली धरायचं, बराच वेळ. लिंबू, व्हिनेगर असले प्रयोग नाहीत. आणि मग थेट डॉक्टर."

"लहान मुलाच्या अंगावर उडालं तर?"

आता दोन्ही एकत्र घुसळणाऱ्या बाईंनी हातातला ब्लेंडर थांबवला. "उडणार नाही. मूल घरात असताना मी हा डबा काढतच नाही. शिकवणीची वेळ म्हणून तर अशी आडनिडी ठेवलीय. आमच्याकडेही आहे एक चिमुरडी, ह्यांची लेक."

तेवढ्यात पार्लरवालीचा फोन वाजला. गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. "माझा साबण भरून ठेवा हं," म्हणत ती चप्पल पायात अडकवून धावली.

दोघीच उरल्या. मिश्रण कस्टर्डसारखं घट्ट होत आलं. बाई ते साच्यात ओतू लागल्या. तिनं न सांगताच साचा धरून ठेवला.

"तुम्ही कशामुळे शिकलात हे?" तिनं विचारलं.

"आमच्या चिमुरडीच्या कातडीपायी. कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांमागे नुसतं लाल. रात्र रात्र खाजवायची. बाजारातला एक साबण सोसेना. मलम डॉक्टरांनी दिलं, साबण मी शोधत बसले. पहिले कितीतरी फुकट गेले."

"आता?"

"आता बरं आहे. थोडे डाग राहिलेत."

"बरं झालं," ती म्हणाली.

बाईंनी साचा ओट्यावर दोनदा हलकेच आपटला, आतली हवा निघून जावी म्हणून. मग त्यावर जुना टॉवेल पांघरला. "आंघोळीचं मात्र अजून जमलेलं नाही मला. डोक्यावर पाणी आलं की पोरगी घर डोक्यावर घेते. तुम्ही काय करता?"

"कपाळावर हात आडवा धरायचा. आणि पाणी ओतायच्या आधी म्हणायचं, वर बघ, पाल आहे. पाल सापडेपर्यंत आंघोळ होते."

"आणि पाल नसली तर?"

"नसतेच."

बाईंच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी हातमोजे काढले, हात धुतले आणि ओला हात स्वतःच्या कपाळावर आडवा धरला. "असा?"

"थोडा खाली. भुवयांवर."

"असा होय." त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला.

खाली गाडीचा भोंगा वाजला. ती दचकून उठली आणि पर्स शोधू लागली. "निघते मी. फार उशीर झाला."

"साबण मुरायला महिना लागेल. न्यायला याल ना?"

"मला नाही जमणार."

"जमवा. महिन्यातून एकदा तरी जमवाच."

जिन्यात छोट्या बुटांचा आवाज आला. ती स्वयंपाकघराच्या दारातच थिजली. बाहेर जायला तेवढी एकच वाट होती. बेल वाजली, बाईंनी दार उघडलं.

"मावशी, भूक लागली!"

"देते," पाठीवरचं दप्तर उतरवून घेत बाई म्हणाल्या. "आधी आत जा. आई आलीय तुझी."