सहीची जागा

“सही कुठे करायची तेवढं दाखव,” प्राध्यापक म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढलं होतं.

साहाय्यिकेने बोट ठेवलं. तिच्या कामाच्या मूल्यमापनाचा तो फॉर्म. भरायचा त्यांनी, पण गेली दोन वर्षं तो तीच भरत होती. स्तुती बेताची, सुधारणेच्या रकान्यात एखादा निरुपद्रवी दोष, की झालं. ‘वेळेचं नियोजन सुधारावं,’ असं ती दरवेळी लिहायची. वेळ होता कुठे? करार कायद्याचे त्यांचे तास ती घ्यायची, पेपर ती तपासायची, आणि हे महाशय परिसंवादांत अध्यक्षांच्या खुर्च्या उबवत फिरायचे.

मागच्या सत्रात तिने विचारून पाहिलं होतं. “सर, एकदा माझ्या तासाला येऊन बसाल? कुठे कमी पडते ते कळेल तरी.”

“अगं, बरी शिकवत असशील की. लिही काहीतरी, मी आहे ना सही करायला.”

सही करायला मात्र होते. तेवढ्यापुरतेच होते. आपल्याच हाताने स्वतःला दिलेल्या शाबासकीतून माणूस शिकणार काय, कपाळ? त्यांचा राग यायचाही आता बंद झाला होता. उरला होता नुसता तिटकारा.

पुढच्या महिन्यात व्याख्यात्याच्या जागेची मुलाखत होती. स्वतंत्रपणे शिकवल्याची नोंद नसेल तर तिच्या अर्जाकडे कुणी ढुंकूनही पाहणार नव्हतं. आणि तशी नोंद होण्याची एकच जागा होती, हा फॉर्म.

“या वेळी वाचून घ्या, सर.”

“वाचत बसायला तू काय कादंबरी लिहिलीयस?” स्वतःच्याच विनोदावर ते पोटभर हसले आणि त्यांनी झोकदार सही ठोकली.

चौथ्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी दोघांना बोलावलं. फॉर्म हातात घेऊन त्या मोठ्याने वाचू लागल्या.

“‘माझ्या विषयाचे चाळीसच्या चाळीस तास हिनेच घेतले. तिचं शिकवणं मी एकदाही पाहिलेलं नाही. सुधारणेची गरज आहे ती मला.’ सही तुमचीच ना, सर?”

प्राध्यापकांचा चेहरा खर्रकन उतरला. मग आवाज चढला.

“अहो, पण मी हे वाचलंच नव्हतं! न वाचता केलेली सही ती काय सही म्हणायची?”

बाईंनी चष्मा काढला आणि साहाय्यिकेकडे पाहिलं.

“सहीच म्हणायची, सर,” ती म्हणाली. “वाचलं नव्हतं ही सबब चालत नाही. तुमच्या विषयाचा पहिलाच धडा आहे तो. तोही मीच शिकवला.”