भांडं कोण धुतं?

"आजोबा, पोट रोज साफ होतं ना?" सर्जनने पुन्हा विचारलं.

"होतं," म्हणत सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पोट फुगून टम्म झालेलं, सकाळपासून उलट्या. सून खाटेच्या दांडीला धरून उभी होती. मागच्या महिन्यातही हेच. धावपळ, तपासण्यांवर तपासण्या, सलाइन आणि शेवटी बरं वाटतंय म्हणून घरी. हाती काही लागलं नाही, बिल पाहून मात्र डोळे पांढरे झाले.

सर्जनने तिला आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं. "आतडं अडलंय. रोज साफ होत असेल तर कारण वेगळंच असणार. पीळ, नाहीतर गाठ. पोट उघडावं लागेल. आणि यांचं हृदय बघता भूल झेपेलच, असं मी सांगू शकत नाही."

"मग... करायचं?" नवऱ्याने तिलाच विचारलं. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलेला माणूस असा मुटकुळं करून पडलेला तिला बघवेना.

ट्रॉली लावता लावता सिस्टर म्हणाल्या, "मागच्या वेळी तर आजोबा आमच्या संडासात वॉकर घेऊन एकटे जायचे. घरी कसं करतात?"

"आमच्या संडासाच्या दारातून वॉकर जात नाही हो. म्हणून हॉलमध्ये भांड्याची खुर्ची ठेवलीय," सून म्हणाली. खुर्ची तिनेच चार दुकानं पालथी घालून आणली होती.

"मग भांडं कोण धुतं?"

"हे धुतात."

"ही धुते."

दोघं एकदमच बोलले, आणि एकदमच एकमेकांकडे वळले.

तो रात्रपाळी करून घरी यायचा तेव्हा ती कामावर निघून गेलेली असायची. भांडं लखलखीत दिसलं की त्याला वाटायचं, बायको धन्य आहे. तिला वाटायचं, बोलत नाही, पण बापाचं सगळं करतो बिचारा. मनातल्या मनात दोघांनी एकमेकांचे आभारसुद्धा मानले होते. आता बसा कपाळाला हात लावून!

सर्जनने हातमोजे चढवले आणि आडोसा ओढून घेतला. बाहेर आला तो चिडूनच. "ऑपरेशन थांबवा. आत नुसता दगड झालाय. एनिमा देऊन मोकळं करू. अहो, वेळीच बोलला असतात तर घरच्या घरी एका औषधाच्या बाटलीत भागलं असतं. मी या माणसाचं पोट फाडायला निघालो होतो!"

दोन वेळच्या या खर्चात दार काय, भिंतसुद्धा पाडून झाली असती. तिला राग आला. नवऱ्याचा, स्वतःचा आणि सगळ्यात जास्त म्हाताऱ्याचा. ती तरातरा खाटेपाशी गेली.

"बाबा, जीव गेला असता तुमचा. तरी रोज होतं म्हणून सांगत राहिलात. एका शब्दाने बोलायचं होतंत की मला."

सासरे चादरीची किनार बोटांनी सारखी करत राहिले.

"खुर्ची चांगली आहे गं," ते म्हणाले. "पडदाही लावलास तू. पण तो आखूड आहे. समोर नात अभ्यासाला बसते, आणि खालून माझे पाय दिसतात."