नव्या माणसानं वाचायचं

"नव्या माणसानं वाचायचं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "आमचा रिवाजच आहे तसा."

दिगंबरपंत अजून दाराशीच उभे होते. छत्रीतून पाणी ठिबकत होतं. लोणावळ्याच्या शाळेतला रविवारचा रिकामा वर्ग. खिडकीबाहेर भाद्रपदातलं धुकं. बाकांवर चार-पाच लिहिणारी माणसं.

त्यांची मुलगी इंदिरा दर रविवारी इथंच यायची. काय लिहितेस, असं त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी वलवणच्या धरणात ती बुडून गेली. पाय घसरला, लोक म्हणाले. एकटीच होती, असंही म्हणाले. यातलं पहिलं पंतांनी मानलं होतं. दुसरं नाही. तिच्याबरोबर बसणारी माणसं एकदा बघावीत, म्हणून ते आले होते.

"गोष्टीवर नाव घालायचं नाही," अरुंधतीबाईंनी पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढला. "आणि नव्या माणसाला कुणाचं अक्षर ओळखू येत नाही. म्हणजे टीका गोष्टीवर होते, माणसावर नाही."

"आन् माझ्यावर व्हती ती?" औंढ्याचा भिमाजी म्हणाला. "माझी गोष्ट दुसऱ्या वळीलाच वळकतात, पंत. म्हशीबिगर मला लिवताच येत न्हाई."

सगळे हसले. मालधक्क्यावर कारकून असलेला श्रीपाद तेवढा हसला नाही.

"काकांना आजच कशाला? मी वाचतो."

"तू सगळ्यांची अक्षरं ओळखतोस. बस खाली."

पंतांनी चष्मा लावला.

कागदावर:

दोघं चालली होती. धुकं इतकं, की वाट फक्त पायांना ठाऊक. आपलं जमायचं नाही, हे आज तिला सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं होतं. ती मात्र तारेच्या प्रत्येक खांबाला बोट लावत होती. एखादा राहिला, की मागे जाऊन लावून यायची.

खोलीत:

पंत थांबले.

शाळेच्या पहिल्या दिवशी. इंदिराचा एक हात त्यांच्या हातात, दुसऱ्या हाताचं बोट खांबाला. मोठी झाल्यावर परक्या माणसांसमोर ती हे करत नसे.

"दिसत नाही का? कंदील लावू?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"दिसतंय."

कागदावर:

"घरी कधी सांगायचं?" तिनं विचारलं. तो चालत राहिला. खांब संपले.

पुढची ओळ पाण्याची होती.

खोलीत:

ती पंतांनी वाचली नाही. कागदावरची नजर न काढता ते म्हणाले, "मग तिला आठवलं, एक खांब राहिलाय. ती मागे वळली. पुढं गेलीच नाही. दिवेलागणीला घरी आली. बाप ओसरीवर बसला होता. त्यानं विचारलं, आज काय लिहिलंस? तिनं पदराला हात पुसले आणि त्याला वाचून दाखवलं."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"झाली?"

"झाली."

भिमाजीनं सुस्कारा सोडला. "लय ब्येस. पोरगी घरी आली, बरं वाटलं."

"मला नाही पटला शेवट," अरुंधतीबाई म्हणाल्या. "इतकं धुकं उभं केलं, आणि एका खांबासाठी तिला परत पाठवली? लिहिणारा ऐन वेळी घाबरलाय. मासिकवाल्यांना आवडेल असा कच्चा शेवट."

"तसा नाहीये शेवट!"

श्रीपाद उभा होता. आपण उभे आहोत हे त्याला कळलं, तोवर वाक्य बोलून झालं होतं.

कौलांवरून पाणी गळत होतं. अरुंधतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पंतांकडे. मग हात तोंडावर ठेवला.

पंतांनी घडी उलगडली.

"मग कसा आहे?" आवाज अगदी साधा होता. "तू म्हण. मी कागदावर बघतो."

श्रीपाद म्हणू लागला. त्याला पाठ होतं. पहिलीतल्या मुलासारखं पंतांचं बोट ओळीओळीनं खाली सरकत राहिलं. एकही शब्द चुकला नाही. बोट शेवटच्या ओळीवर आलं.

कागदावर:

पूर्णविराम. त्याखाली कोरं.

खोलीत:

श्रीपाद थांबला नव्हता.