शेवटचं ठाणं

"पुन्हा म्हणून दाखव," संशोधक गाडीत बायकोला म्हणाला.

"बाजारात गर्दी होती. कुणीतरी धक्का दिला आणि पिशवीतला मोबाइल गेला."

"जरा घाबरल्यासारखं. तुला चांगलं जमतं ते."

तिने मान हलवली. एवढ्या उकाड्यातही तिने लांब बाह्यांचे, गळाबंद कपडे घातले होते. साधी घरगुती बाई दिसायला हवी म्हणून ते त्यानेच निवडले होते. आपला मोबाइल तिने मुकाट्याने त्याच्या हातात दिला. चोरीची तक्रार करताना तोच फोन वाजायला लागला तर सगळी शोभा व्हायची.

विकसनशील देशांतला गुन्हा आणि न्याय हा त्याच्या अभ्यासाचा विषय. पोलीस तक्रार लिहून घेतात की हाकलून देतात, हे विचारून कळत नाही. विचारलं की सगळेच हरिश्चंद्र. म्हणून तो खोटा तक्रारदार पाठवायचा. तक्रार नोंदवली गेलीच, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचं परवानगीपत्र दाखवायचं, तक्रार मागे घ्यायची आणि निघायचं. पगारी माणसं ठाण्याच्या पायरीवरच गळपटली. बायको मात्र या कामात पटाईत निघाली. मनातलं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

आतापर्यंत सगळं त्याच्या अंदाजाप्रमाणेच झालं होतं. 'ही आमची हद्द नाही', 'खरेदीची पावती आणा', 'साहेब जेवायला गेलेत'. एवढं शेवटचं ठाणं उरकलं की अहवाल पूर्ण. पण इथल्या पोलिसांना आधीच कुणकुण लागलेली असली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडणार होतं.

"तोंड आवरून बोल. काल बहिणीला फोनवर काय काय सांगत बसलीस, तसं नको."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि उतरली.

रस्त्यापलीकडून त्याला ठाण्याच्या खिडकीत तिची पाठ आणि टेबलामागच्या अंमलदाराचं तोंड दिसत होतं. इतर ठिकाणांहून ती लगेच परत यायची. इथे अंमलदाराने खुर्ची दिली, पाणी मागवलं, वर लिहायलाही घेतलं. संशोधकाच्या मनात पाल चुकचुकली. पोलीस आणि इतका पाहुणचार? नक्कीच कुणीतरी आधी कान भरले होते.

मग बायको बोलायला लागली ती थांबेचना. दोन वाक्यांची तक्रार, हिचं एवढं काय चाललंय? अंमलदाराचं लिहिणं थांबलं. त्याने महिला पोलिसाला हाक मारली. ती आली, बायकोजवळ वाकून काहीतरी बोलली आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार बंद झालं.

संशोधक गाडीतून उतरला. झडती! पकडली गेली वाटतं. की घाबरून हिनेच सगळं ओकलं? बायकांच्या पोटात काही राहत नाही, हे त्याचं जुनंच मत होतं. घरी गेल्यावर बघतो, असं पुटपुटत त्याने रस्ता ओलांडला.

"माझी बायको कुठे आहे?"

"आत आहेत," अंमलदार म्हणाला. "या, बसा."

"बसायला वेळ नाही. तुमचा गैरसमज झालाय. मोबाइल चोरीला गेलेलाच नाही. हा अभ्यास आहे, वरून परवानगी आहे. तिच्याकडे पत्र आहे."

"वाचलं मी."

"मग सोडा की तिला!"

"धरलंय कुणी? चोरीची तक्रार त्यांनी मागे घेतली."

संशोधकाचा जीव भांड्यात पडला. तो चक्क हसला. "म्हणजे तुम्ही नोंदवली होती? कमाल आहे! तक्रार घेणारं तुमचं पहिलंच ठाणं. अहवालात आवर्जून लिहीन."

"लिहा की." अंमलदाराने शिपायाला खूण केली. "बाईंचं बोलून झालं की दवाखान्यात न्यायचंय. गाडी लाव."

"दवाखान्यात? मोबाइलसाठी दवाखाना कशाला?"

शिपायाने जाता जाता बाहेरचं दार ओढून घेतलं. अंमलदाराने कोरा कागद पुढ्यात घेतला.

"मोबाइलचं संपलं हो. आता तुमचं पूर्ण नाव सांगा, आरोपी म्हणून लिहायचंय."