रोटरीची नाडी

"रोटरी इंजिनाची नाडी कळणारा माणूस पुण्यात एकच, आणि तो आपल्यासमोर उभा आहे," असं पुष्करला सांगून रंगनाथांनी खटका ओढला. बॉनेटऐवजी डिकी उघडली.

"तीही तपासायचीच होती," ते म्हणाले.

पुष्कर खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि शाळेपासून या जपानी गाडीची स्वप्नं पाहत होता. सदाशिव पेठेत एक विकाऊ आहे हे कळताच त्याने रजा टाकली. फोनवर मालकीणबाई, पद्मजाताई, एवढंच म्हणाल्या होत्या, की खाली पार्किंगमध्ये असतात, ते दाखवतील. खाली हे होते, कोपरापर्यंत ग्रीस माखलेले.

रंगनाथांनी बॉनेटखाली डोकं घालून बॅटरीपाशी जरा खुडबुड केली. मग समजावलं. यात पिस्टन नसतात, तीन कोपऱ्यांचा रोटर गरगरतो. स्पार्क प्लग काढायचा, त्या जागी दाब मोजणारा गेज लावायचा, स्टार्टर मारायचा. दर फेरीला काट्याने तीन उड्या मारायच्या, तिन्ही सारख्या आणि दणदणीत.

पुष्करने किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हत कण्हत फिरला. काटा जेमतेम हलला.

रंगनाथांनी गेज काढून फडक्याने पुसला.

"दाबच धरत नाही. सीलं गेली आतली. घेऊ नका. पोटच्या पोरालाही मी हेच सांगितलं असतं."

पुष्करचा चेहरा उतरला, पण पाठोपाठ ऊर भरून आला. दुसऱ्या कुठल्या शहरात ही गाडी गळ्यात मारून वर चहा पाजला असता. इथे मालकिणीचाच माणूस गिऱ्हाइकाला सावध करतो, आणि चहाचं नावही काढत नाही. याला म्हणतात पुणं. त्याने वाकून नमस्कार केला.

चौकात जाऊन त्याने दुःखाची एक मिसळ खाल्ली. उठताना आठवलं, हेल्मेट तिथेच राहिलं. पुण्यात ते राहतंच.

तो परतला तेव्हा प्लग जागेवर बसला होता आणि रंगनाथ पाना घेऊन बॅटरीवर वाकले होते. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि शिलाई मशीनसारखं एका लयीत गुणगुणू लागलं. रंगनाथांनी डोळे मिटले.

वर गॅलरीत पद्मजाताई आल्या.

"अहो, यालाही पळवलंत ना? विकायची नसेल तर एकदाचं घरात सांगा की. आणि ती वायर आवळून झाली असेल, तर हात धुऊन अर्धी जुडी कोथिंबीर आणा. पोहे खोळंबलेत."